कुत्र्याच्या गुडघ्यावरून माणसाच्या गुडघ्याकडे: फाइल अडली कुठे?

बी.व्ही.एस्सी. या पशुवैद्यकीय पदवीनंतर गुडघेबदल शस्त्रक्रियेच्या परिणामांवर काम करायचं ठरवलं, तेव्हा संख्याशास्त्र अवघड जाईल असं वाटलं होतं. ते सहज जमलं. पाच महिने खाल्ले ते एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीने, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीने.

मुख्य संशोधकाच्या रकान्यात मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हवा होता, माझी नोंदणी पशुवैद्यक परिषदेची. एवढं सांगायला त्यांनी दोन बैठका घेतल्या, आणि बैठक दोन महिन्यांतून एकदा! म्हणून अर्ज भरण्याआधी कमिटीच्या सदस्य-सचिवांना भेटा. मुख्य संशोधक ऑर्थोपेडिक सर्जन, आपण सहसंशोधक. विश्लेषण कोण करणार आणि पहिला लेखक कोण, हे त्याच दिवशी लिहून घ्या. प्राण्यांच्या प्रयोगांची जुनी मंजुरी जोडू नका, ती समितीच वेगळी. जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, रुग्णांवरच्या संशोधनाचे नियम) प्रशिक्षणाचा दाखला जोडा. संमतीपत्रावरचा आक्षेप मात्र योग्य होता. जनावरासाठी मालक सही करतो, इथे रुग्ण स्वतः करतो. त्यामुळे मराठी मसुदा साधा हवा आणि त्याचं उलट भाषांतर (मराठीतून परत मूळ भाषेत) दुसऱ्याच व्यक्तीने केलेलं हवं. सहा महिन्यांनी आणि वर्षाने फोन करणार असाल तर तेही त्यात लिहा. राहिलं तर दुरुस्तीसाठी पुन्हा कमिटीपुढे. फक्त जुने केसपेपर वापरायचे असतील तर संमतीतून सूट मागणारं पत्र वेगळं द्या.

आता गुणांकन. कुत्र्याचा पाय किती भार घेतो हे फोर्स प्लेट सांगते. इथे रुग्णाचं उत्तर हेच मोजमाप. म्हणून प्रश्नावलीचा फॉर्म सर्जनने किंवा त्यांच्या रेसिडेंटने भरून घेऊ नये, रुग्ण त्यांना बरं वाटेल असंच सांगतो. ऑक्सफर्ड नी स्कोअर या गुडघ्याच्या प्रश्नावलीत १२ प्रश्न, ० ते ४८, जास्त म्हणजे चांगलं. जुन्या पद्धतीत १२ ते ६०, आणि तिथे जास्त म्हणजे वाईट. वोमॅक या सांध्यांच्या त्रासाच्या प्रश्नावलीतल्या २४ प्रश्नांतही जास्त म्हणजे वाईट. जुने निबंध एकत्र करताना इथेच घोळ होतो. दोन्ही गुडघे बदललेला रुग्ण म्हणजे दोन स्वतंत्र नोंदी नव्हेत. एकाच कुत्र्याचे दोन पाय आपण वेगळे धरत नाही, तसंच.

आणि हो, प्रश्नावलीचा परवाना कमिटीत जाण्याआधीच मागा. मराठी आवृत्तीही परवाना देणाऱ्यांकडेच विचारा, भाषांतर स्वतः करू नका. दोन उपचारांची तुलना करणारा ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या भारतातल्या ट्रायल-नोंदवहीत नोंदणी झालेली हवी.