तुम्ही विचारलंत म्हणून: चौकटीवरच्या चार रेघा

समई हातात घेऊन गिऱ्हाईक वजनाचा अंदाज घेतं, भाव विचारतं, थोडी घासाघीस करतं आणि पैसे काढता काढता हमखास म्हणतं, ‘काय मग वहिनी, नाशिक सुधारतंय का?’ पुण्याची नणंद आली की तिचाही तोच प्रश्न. २०२६च्या १५ जानेवारीला महापालिकेची निवडणूक झाली तेव्हापासून त्याला जोड मिळालीय: ‘तुम्हाला गावाला कसा माणूस हवा?’ काउंटरवर उभ्या उभ्या मी ‘बघू या’ म्हणून वेळ मारून नेते. पण दुकान बंद करताना तो प्रश्न डोक्यात राहतोच. इतक्यांदा विचारलंत म्हणून आज बसून सांगते.

आमचं दुकान भांडी बाजारात, तांब्यापितळेचं. गंगा इथून चालत काही मिनिटांवर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणजे घाटावर. दुकानाच्या सागवानी चौकटीवर चार आडव्या रेघा आहेत. सगळ्यात वरची १९६९च्या सप्टेंबरातल्या पुराची, माझ्या सासऱ्यांनी पटाशीने पाडलेली. त्यांना सगळे नाना म्हणायचे. तिच्या खाली २००८, २०१६ आणि २०१९. २००८ची रेघ नानांनीच थरथरत्या हाताने ओढली. पुढच्या दोन मी. गाव सुधारतंय का, हे मी या चौकटीवरून मोजते. प्रत्येक रेघेनंतर बाजार पुन्हा उभा राहिला, आणि उभा राहताना काय शिकला नि काय विसरला ते मी इथूनच बघितलं.

२०१६चं सांगते. त्या वर्षी एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं. लांबून आलेल्या भाविकांसाठी टँकरने पाणी आणून ओतायची वेळ आली. गंगेचं पाणी घरी न्यायला लोक आमच्याकडून तांब्याचा गडू घेतात. एक आजी सकाळी गडू घेऊन गेल्या आणि तासाभराने परत आल्या. पैसे मागायला नाही, नुसतं सांगायला. ‘बाई, गंगेत पाणी नाही गं.’ मी त्यांना बसवलं, चहा दिला. दोघींनाही पुढे काही बोलता आलं नाही.

त्याच वर्षी २ ऑगस्टला गंगा आमच्या दुकानात आली.

पाणी चढायला दोन तास लागतात, ओसरायला रात्र जाते आणि गाळ काढायला पंधरा दिवस. हा गाळ शेतातल्या मातीसारखा नसतो. त्यात गटार असतं, तेल असतं, प्लॅस्टिक असतं, त्याचा वास हाताला आठवडाभर राहतो. घागरीच्या गळ्यातून आत गेलेला गाळ बोटांनी निघत नाही. काठीला चिंध्या गुंडाळायच्या, आत फिरवायची, पाणी ओतायचं, ओतून टाकायचं, पुन्हा फिरवायची. मग चिंच आणि मीठ. मी आणि शेजारच्या दोघी ओट्यावर बसून रोज चाळीस-पन्नास नग घासत होतो. ताम्हणं, पळ्या, पंचपात्री उजळल्या. पण ज्या समयांच्या नक्षीत गाळ वाळून बसला त्या शेवटी मोडीत घातल्या. वजनकाट्यावर त्या चढताना बघवत नव्हतं.

लोकांना वाटतं पूर म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी. ते अर्धंच खरं आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला तर निदान आधी सांगतात, माल माळ्यावर चढवायला वेळ मिळतो. धरणाच्या खाली, खुद्द शहरात जो पाऊस कोसळतो त्याला कुठे दरवाजे आहेत? आणि आमच्या पेठेखालून सरस्वती वाहते. एके काळची छोटी नदी, आता झाकलेला नाला. गंगेची पातळी चढली की सरस्वतीचं तोंड दाबलं जातं, पाण्याला फुगवटा येतो आणि ते दहीपुलाकडून उलटं सराफ बाजारात, आमच्याकडे शिरतं. म्हणजे गंगा घाटावरच असते आणि आमच्या पायरीशी पाणी आलेलं असतं. स्मार्ट सिटीच्या कामात दहीपुलाकडच्या रस्त्याची पातळी खाली न्यायचं निघालं तेव्हा व्यापारी एवढे का भडकले, ते यावरून कळेल. इंजिनिअरिंग आम्हाला येत नाही. पाणी कुठल्या बाजूने येतं ते मात्र तोंडपाठ आहे.

जुन्या नाशिकची मोजपट्टी अडाणी माणसालाही वाचता यायची. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. त्याच्या पायाला पाणी लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, असे निरोप गल्लीतून धावत यायचे आणि प्रत्येक निरोपाला काय करायचं ते ठरलेलं असायचं. कमरेला म्हटलं की नाना खालची फळी रिकामी करायचे. छातीला म्हटलं की दुकान बंद, बायकापोरं वरच्या मजल्यावर. पलीकडे पंचवटीच्या बाजूला नारोशंकराचं देऊळ, १७४७ सालचं; तिथल्या मोठ्या घंटेला पाणी टेकलं म्हणजे महापूर. आजही पेठेतल्या शाळकरी पोराला विचारा, तो मारुतीवरून पाणी सांगेल. २००८नंतर पूररेषा आखल्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. शास्त्र म्हणून ते योग्यच आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण त्या रेषा नकाशावर राहिल्या. त्या कुणाच्या ओट्यावरून जातात हे त्या ओट्यावर बसणाऱ्याला माहीत नसतं. वाडा दुरुस्त करायला परवानगी मागितली की मग कळतं. तोवर दर पावसाळ्यात गावठाणात कुठे ना कुठे जुन्या वाड्याची भिंत बसलेली असते.

आता माणसांबद्दल. २०१२ साली या गावाने मनसेला ४० नगरसेवक दिले आणि महापौरपद दिलं. २०१७ साली भाजपला १२२ पैकी ६६. त्या निवडणुकीच्या प्रचारात देवेंद्र फडणवीस म्हणाले, मी नाशिक दत्तक घेतो. त्याचं लोकांना कौतुक वाटलं, ते मला समजतं. आपलं गाव मुंबई-पुण्याच्या सावलीत, कुणाचं लक्ष नाही, अशी खंत इथे जुनी आहे. तरी मला तो शब्द लागला. दत्तक पोरक्याला घेतात. ज्या गावात कुंभ भरतो, जिथे नोटा छापतात, विमानं बांधतात, ते गाव पोरकं कसं? दत्तक घेणारा वरून बघतो आणि आपण खालून हात पसरतो. त्या नात्यात ‘मागच्या वर्षी तुम्ही असं म्हणाला होतात’ हे म्हणायची सोय राहत नाही.

कामं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही. जुलै २०२१मध्ये सिटीलिंकच्या बस सुरू झाल्या, माझी भाची नाशिकरोडहून कॉलेज रोडला त्यानेच जाते आणि वेळेवर मिळाली की समाधानी असते. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. तिचा एक खांबही आम्ही पाहिला नाही.

तुकाराम मुंढे फेब्रुवारी २०१८मध्ये महापालिकेचे आयुक्त म्हणून आले, नोव्हेंबरात गेले. त्यांच्यावरून आमच्या घरात दोन तट होते. माझं माहेर सातपूरचं, वडील आणि दादा दोघेही कारखान्यात. दादा म्हणायचा, पहिल्यांदा कुणीतरी साहेबांना वेळेवर खुर्चीत बसवलं, सकाळी मैदानावर येऊन लोकांच्या तक्रारी ऐकल्या. माझे मिस्टर म्हणायचे, ऐकलं खरं, पण करवाढ करताना कुणाला विचारलं? दोघेही बरोबर होते. मी त्या नऊ महिन्यांत एक गोष्ट शिकले. शिस्तीचा अधिकारी गावाला धक्का देऊ शकतो, पण त्याची बदली झाली की त्याला जे कळलं होतं तेही त्याच्याबरोबर जातं. नव्या साहेबाला सरस्वती पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावी लागते.

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होते. जवळजवळ चार वर्षं. ते अधिकारी वाईट होते असं माझं म्हणणं नाही, काही तर फार मेहनती असतील. पण त्या चार पावसाळ्यांत माझ्या ओळखीचा, माझ्या मताला घाबरणारा, रात्री अकराला फोन केला तर शिव्या घालत का होईना उचलणारा माणूस तिथे नव्हता. जुने नगरसेवक काय होते ते मला माहीत आहे, मी त्यांना देवत्व देत नाही. तरी पाणी चढत असताना ‘दादा, मारुतीच्या छातीला आलं का?’ एवढं विचारायला कुणीतरी लागतं.

त्या काळाच्या शेवटी, २०२५च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, तपोवनातल्या झाडांचा प्रश्न पेटला. साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभाला येणाऱ्या साधूंच्या तात्पुरत्या वस्तीसाठी, १,८००च्या आसपास झाडं काढायचं चाललं होतं. मी स्पष्ट सांगते, कुंभावर आमचं पोट आहे. बारा वर्षांची थकबाकी भांड्यांचा व्यापारी त्या एका वर्षात फेडतो. साधूंना जागा हवी, रस्ते हवेत, संडास हवेत. आणि तरीही मी एका रविवारी तपोवनात जाऊन उभी राहिले. तिथे कॉलेजच्या मुली होत्या, निवृत्त शिक्षक होते, वारकरी होते, एकमेकांना कधी मत न देणारी माणसं एका वडाखाली होती. माझ्या बाजूला उभे असलेले एक शेतकरी म्हणाले, ‘झाडं बोलत नाहीत, पण आम्हालाही कुणी विचारलं नाही.’ साधुग्रामासाठी दर कुंभाला आसपासच्या शेतजमिनी घेतात, त्या पट्ट्यातले ते. विरोध कुंभाला नव्हताच. न विचारता ठरवण्याला होता.

म्हणून मला कसा माणूस हवा, त्याचं उत्तर असं आहे. या कुंभाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला, आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला, आषाढातल्या सोमवती अमावास्येला. २ ऑगस्ट. २०१६चा पूर २ ऑगस्टचा. २०१९चा ४ ऑगस्टचा. पंचांग आपल्या जागी बरोबर आहे, त्याला मी काय बोलणार? पण त्या दिवशी घाटावर लाखो माणसं असतील आणि आभाळ कसं असेल ते कुणाच्या हातात नाही. २००३च्या कुंभात सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरीत माणसं गेली. त्या दिवशी आमचं दुकान उघडं होतं, पुढचं मी लिहू शकत नाही. मला असा माणूस हवा ज्याला पुराची आणि स्नानाची तारीख एकत्र आठवते आणि रात्री झोप लागत नाही. जो टेंडर काढायच्या आधी पावसाळ्यात एकदा दहीपुलावर येऊन उभा राहिलाय. आता एका प्रभागात चार नगरसेवक आहेत. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय झालीय. मी निवडणुकीत चार उमेदवारांना एकच विचारलं, सरस्वतीचं तोंड कुठे उघडतं? दोघांना सांगता आलं. त्या दोघांना मी मत दिलं, पक्ष वेगळे असूनही. मिस्टरांना ते पटलं नाही, अजून नाही पटलेलं.

आणि सुधारतंय का? गेल्या महिन्यात कुंभाच्या कामावरचा एक तरुण इंजिनिअर आईसाठी तांब्याचा हंडा घ्यायला आला होता. पैसे देताना त्याची नजर चौकटीवर गेली. ‘काकू, या रेघा कसल्या?’ मी सांगितलं. त्याने हंडा खाली ठेवला, बॅगेतून टेप काढला आणि विचारलं, ‘मोजायचं कुठून? रस्त्यापासून?’ मी म्हटलं, नाना रस्त्यापासूनच मोजायचे, पण नंतर तो किती वेळा खालीवर झाला याचा हिशेब नाही. त्याने जरा विचार केला. ‘उंबरठा बदललाय?’ उंबरठा आजेसासऱ्यांनी बसवलेला, तोच आहे. मग तो उंबरठ्यावर टेप धरून गुडघ्यावर बसला, मी वरचं टोक पकडलं. चार आकडे सेंटिमीटरमध्ये वहीत उतरले. १९६९च्या आकड्यापुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलं आणि विचारलं, ‘हे पाणी डोळ्यांनी बघितलेलं कुणी आहे का अजून?’

मी गल्ला बंद केला आणि त्याला घेऊन चार दुकानं सोडून राहणाऱ्या आजोबांकडे गेले.