बोटीतून उतरलेला होमगार्ड

होमगार्ड म्हटलं की लोकांना गणपतीच्या मिरवणुकीत दोरी धरून उभा असलेला खाकीतला माणूस आठवतो. त्यात चूक काही नाही. निवडणुका, जत्रा, बंदोबस्त यातच आमचं वर्ष जातं. बाकीचे दिवस मी मोटर रिवाइंडिंग आणि घरांचं वायरिंग करतो. बोलावणं आलं की दुकानाचं शटर ओढायचं आणि ड्रेस चढवायचा. पगार नाही, ड्युटी लागेल त्या दिवसाचा भत्ता. हल्ली तो 1083 रुपये झालाय. 2019 साली बराच कमी होता, आणि हातात कधी पडेल हे कुणी सांगायचं नाही.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. 40ला इशारा, 45ला धोका, हा हिशेब इथं शाळकरी पोरालाही पाठ. गोची झाली ती 2005च्या पुरामुळं. तेव्हाचं पाणी कुठवर आलं होतं हे प्रत्येक घराला माहीत, काहींनी तर भिंतीवर खूण करून ठेवलेली. त्या भरवशावर लोकांनी सामान माळ्यावर टाकलं आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसले. पाणी खूण ओलांडून वर चढलं तेव्हा बाहेर पडायला रस्ताच उरला नव्हता.

मला आधी विश्रामबागच्या बाजूला लावलं होतं, पूर बघायला येणाऱ्यांना मागं हटवायला. पोरंबाळं खांद्यावर घेऊन लोक पाण्याच्या कडेला फोटो काढायला येत होते. दोन पावलं मागं व्हा म्हटलं की, "तू पोलीस आहेस का?" हा ठरलेला प्रश्न. 1947च्या होमगार्ड कायद्यात लिहिलंय की ड्युटीवर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसाइतकेच अधिकार असतात. पब्लिकचं सोडा, शेजारी उभ्या असलेल्या हवालदारालाही ते ठाऊक नव्हतं.

गुरुवारी, 8 तारखेला, बाहेरून आलेल्या एका बचाव पथकाला गल्ल्या माहीत असलेला माणूस हवा होता. मी हात वर केला. त्यांचं काम उत्तम, रबरी बोट, शिस्त कडक. पण त्यांना गावभाग, खणभाग काय माहीत! आणि बोटीचा खरा वैरी पाणी नव्हतं, तारा होत्या. गल्लीत दहा-अकरा फूट पाणी असलं की खांबावरून घरात जाणारी सर्व्हिस वायर बसलेल्या माणसाच्या मानेला येते. टीव्हीच्या केबली त्याहून खाली, काही तर पाण्यातच लोंबत असतात. त्या पंख्यात गुंतल्या की इंजिन बंद. कंपाउंडच्या फाटकांवरचे भाले पाण्याखाली चार बोटं असतात, दिसत नाहीत, आणि रबर फाडतात. मी पुढं वाळका बांबू घेऊन बसलो. कुणाच्या घराला फाटक आहे, कुठल्या कोपऱ्यावर डीपी आहे, कुठली वायर मीच ओढलीय, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. भरतीच्या वेळी माझ्या आयटीआयच्या सर्टिफिकेटचे गुण धरले होते. त्यानंतर ते कागद उपयोगी पडले ते त्या दिवशी.

तीनच्या सुमाराला खणभागातल्या एका वाड्याशी पोचलो. बोट थेट पहिल्या मजल्याच्या गॅलरीला लागली. माणसं चौदा, बोटीत जागा आठांची. सकाळीच पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ग्रामपंचायतीची बोट उलटली होती, माणसं जास्त झाली म्हणून. पुढं मृतांचा आकडा 17 वर गेला. ती बातमी फोनवरून इथंही पोचलेली. म्हातारी दारात आडवी बसली. "जायाचं तर सगळ्यांनी, न्हाईतर कुणीच न्हाई." पथकाचे साहेब हिंदीत नियम सांगत होते, म्हातारी मराठीत देवाचं नाव घेत होती, आणि सुना रडत होत्या. मग तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. "तू आमचा मिक्सर भरून दिल्याला न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय आज्जी. हे बघा, आठ जण पुढं जाऊ द्या. बोट माघारी येईस्तोवर मी हितंच थांबतो." आणि गॅलरीत उतरलो. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, हो-नाही काही बोलले नाहीत. बायका-पोरं बसली. बांबू मी एका जवानाच्या हातात दिला आणि वळणावर डावीकडनं जा म्हणून सांगितलं.

बोट परत आली नाही. आठ जण सुखरूप उतरले, पण रिकाम्या बोटीनं परत येताना त्याच वळणावर पंख्यात केबल गुंडाळली. वल्ही मारत ते माघारी गेले, तोवर अंधार पडला.

रात्री समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जनरेटर सुरू झाला. चेंजओव्हर, म्हणजे जनरेटर आणि बाहेरची लाईन वेगळी ठेवणारा स्विच, नसेल तर असा सप्लाय उलटा लायनीवर येतो, आणि खाली तारा पाण्यात होत्या. घसा फुटेस्तोवर ओरडून मी तो बंद करायला लावला. पहिल्यांदा त्यांनी शिव्या घातल्या. सकाळी दुसऱ्या पथकाची बोट आली, म्हातारीसकट सहाही जण बाहेर निघाले.

हजेरीत मी गैरहजर. आमच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: "तुला बोटीवर दिलं होतं, लोकांच्या घरात नाही. तू बोटीवर असतास तर केबल अडकली नसती, आणि अंधाराआधी आणखी चार घरं रिकामी झाली असती." खोटं नाही. पण मी उतरलो नसतो तर ती आठ माणसंही बोटीत बसली नसती, हे रजिस्टरात कुठल्या रकान्यात लिहायचं? कवायतीत सावधान-विश्राम घोटून घेतात, विमोचनात, म्हणजे अडकलेल्यांना सोडवायच्या प्रशिक्षणात, गाठी शिकवतात. कुठल्या घरात कोण ओळखतं आणि त्या ओळखीचं काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. आणि बाहेरून आलेल्या पथकापेक्षा आमच्याकडं जास्त असतं ते तेवढंच.

त्या चार घरांत कोण होतं, हे मी नंतर विचारत फिरलो. तीन घरांतली माणसं दुसऱ्या दिवशी निघाली. चौथ्या घरातल्यांनी यायलाच नकार दिला होता. म्हणजे मी बोटीवर असतो तरी ते आले असते का, सांगता येत नाही. अधिकाऱ्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मुद्दा तो नाही."

नंतर मी खालच्या वायरींच्या गल्ल्यांची यादी करून वहीचं पान फाडून दिलं. ती फायलीला लागली असेल. 2021च्या जुलैत पाणी पुन्हा 50 फुटांच्या वर चढलं, तेव्हा मला परत बघ्यांच्या बंदोबस्तालाच लावलं. या खेपेला बांबू मात्र घरनंच घेऊन गेलो होतो. एका बोटवाल्यानं तो मागून नेला, आणि माझ्याजवळ उभं राहून कुठली गल्ली धरायची ते विचारूनही गेला.