टिकट टाक

गुरुवार, ५ मार्च

ऑफिसातल्या दादाला चॅटवर विचारलं, रविवारी अडीचचा जॉब, एरवी आपोआप चालणारा तो प्रोग्रॅम, हाताने चालवताना तारीख शनिवारची द्यायची की रविवारची? पाच मिनिटांनी उत्तर आलं. "टिकट टाक ना. आमच्या क्यूमध्ये आलं की बघतो."

टिकट, म्हणजे परक्या टीमसाठी असतो तो विनंतीचा फॉर्म. आणि आमच्या क्यूमध्ये. आमच्या!

सात वर्षं खुर्चीला खुर्ची लावून बसलो. कंपनी सोडलेली नाही त्याने, फक्त दोन मजले वर गेलाय. सोडली असती तर तीन महिन्यांची नोटीस, केक, एखाद्याने डोळे तरी पुसले असते. इंटर्नल मूव्हला काय, दोन आठवडे आणि एक मेल. मॅनेजर म्हणतो बॅकफिल, त्याच्या जागी दुसरं कोणी, येईल. येईलही.

८ तारखेला न्यूयॉर्कची घड्याळं रात्री दोनवरून एकदम तीनवर जाणार. २००७पासून हे मार्चच्या दुसऱ्या रविवारी ठरलेलं. म्हणजे त्या रात्री तिकडे अडीच वाजतच नाहीत, आणि आमचा जॉब बिचारा अडीचची वाट बघत बसतो. आपल्याकडे तेव्हा भर दुपार. दादा दरवर्षी ताटावरून उठून तो चालवायचा. इतक्या वर्षांत दुरुस्त का नाही केला? दादा होता ना.

केटीची, म्हणजे जाताना त्याने काम समजावून दिलं त्याची, नऊ रेकॉर्डिंग आहेत. आज पुन्हा ऐकली, दीडपट वेगाने. नेमक्या जागी तो म्हणतो, "हे तर तुला माहीतच आहे," आणि पुढे सरकतो. मागून माझा आवाज, "हो हो." काय माहीत होतं मला? मान डोलवायची सवय, दुसरं काय.

तरी, टिकट टाक? मला?

त्याच्या नव्या मॅनेजरला जुन्या टीमचं काम चालत नसणार, कळतं. आणि गेल्या दिवाळीत आयजेपीचा, कंपनीतच दुसरीकडे जाण्याचा, फॉर्म मीही अर्धा भरून... जाऊ दे.

दुपारी नवीन मुलगा विचारत होता, हा फ्लॅग कशासाठी? मी मान वर न करता म्हणाले, "विकीवर बघ ना." विकीवर ते नाहीच. लिहायचं माझ्याकडेच आहे, ऑक्टोबरपासून. तो बिचारा अर्धा तास शोधत होता. नंतर सांगितलं त्याला, चहाही पाजला.

मग टाकलं टिकट. प्रायोरिटी तीन. 'कारण' हा रकाना सक्तीचा, रिकामा ठेवला की फॉर्म पुढे जात नाही. बराच वेळ बसून राहिले आणि लिहिलं: रविवारी अडीच वाजणार नाहीत.