आठवा बिल्ला

दुपारी घर आडवं झालं की मी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवते. बोर्डावरचे ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या बारीक वाटा, उन्हाच्या उजेडात दिसतात तसे कुठल्याच दिव्याखाली दिसत नाहीत, हे एक. आणि त्या वेळी 'काय चाललंय?' म्हणून डोकवायला कोणी येत नाही, हे दुसरं. परवा मात्र दुरुस्तीला घेतलेल्या एका जुन्या सेगा गेम गिअरचा, म्हणजे हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राचा, पहिलाच कॅपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) तापला आणि आतून झोपेतला आवाज आला, "खिडकी लाव गं, कुणीतरी मासळी साफ करतंय."

खिडकी लावून काय होणार? वास माझ्याच टेबलावरून येत होता. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमधला द्रव गळून बोर्डावर वाळलेला असतो. त्याला आयर्नचं टोक लागलं की त्यातून अमाइन वर्गातले वायू सुटतात, आणि शिळ्या मासळीच्या वासाचं कुळही तेच. बाकीचे नाक धरतात, मला मात्र हा वास आला की बरं वाटतं. निदान झालं म्हणायचं. आता नुसतं औषध द्यायचं बाकी.

गेम गिअर 1990 चा. रंगीत पडदा, मागून उजेड, आणि तो उजेड पुरवायला सहा पेन्सिल सेल, तेही काही तासांत गारद. याचं दुखणं ठरलेलं असतं. आधी आवाज बारीक होतो. मग चित्र फिकट होतं, इतकं की यंत्र तिरकं धरलं तरच काही दिसतं. शेवटी तेही नाही. जपून वापरलं, खोक्यात घालून कपाटात ठेवलं, म्हणून ते वाचतं असंही नाही. कॅपॅसिटर आपले गळायचे ते गळतात आणि गळलेला द्रव खालचं तांबं खात बसतो. घाईने उपसायला गेलं तर कॅपॅसिटरबरोबर त्याच्या खालचा पॅडही सुटून येतो, आणि मग एका केसासारख्या तारेने तो ट्रॅक नव्याने जोडत बसावं लागतं. म्हणून आधी ताजं सोल्डर लावायचं, दोन्ही पाय आळीपाळीने तापवायचे, कॅपॅसिटर आपणहून सरकला की उचलायचा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेला इअरबड फिरवायचा. पहिला निघतो तपकिरी, पुढचा पिवळट. पांढरा निघेपर्यंत थांबायचं नाही. या पांढऱ्या इअरबडइतकं निखळ समाधान मला दुसऱ्या कशातही मिळत नाही, हे मी घरात बोलून दाखवत नाही.

त्याहून मोठं गुपित म्हणजे मी गेम खेळत नाही. कन्सोल सुरू झाला, कंपनीचं नाव झळकलं, ती दोन सेकंदांची धून वाजली की माझं काम संपतं. पहिली पातळी खेळून बघते, तीही बटणं नीट चालतात का ते तपासायला. लोकांना वाटतं, ही लहानपण शोधतेय. शोधायला ते आधी हरवलेलं तरी पाहिजे. गेम गिअर, सुपर निन्टेंडो, ड्रीमकास्ट, यातलं एकही यंत्र माझ्या लहानपणी मी हातात धरलेलं नाही. नुसती नावंसुद्धा फार उशिरा कळली.

आमच्याकडे होती ती नक्कल. निन्टेंडोचा मूळ जपानी गेम कन्सोल फॅमिकॉम 15 जुलै 1983 ला बाजारात आला, आणि पुढची कितीतरी वर्षं त्याच्या नकला जगभर निघत राहिल्या. त्यातली एक आमच्या टीव्हीखाली होती. तिच्याबरोबर आलेल्या कॅसेटवर '9999 इन 1' असं लिहिलेलं होतं. यादी खरोखरच न संपणारी होती. खाली जात राहायचं, जात राहायचं, आणि सदतिसाव्या नंबरला पुन्हा तोच मिशीवाला, फक्त नाव बदललेलं आणि सुरुवात तिसऱ्या पातळीपासून. आम्हाला फसवलंय असं आमच्यापैकी कुणालाही कधी वाटलं नाही. उलट सात हजार आठशे बाराव्या नंबरला काहीतरी वेगळं असणार, यावर मामेभावाचा ठाम विश्वास होता.

हा मामेभाऊ, म्हणजे दादा, आमच्यात मोठा. कॅसेट फुंकायचा अधिकार त्याचा. पडद्यावर नुसते चौकोन आणि आडव्या रेघा आल्या की आम्ही सगळे हात मागे घ्यायचो. दादा कॅसेट ओढून काढायचा, तोंडाशी आडवी धरायचा, डोळे मिटायचा आणि डावीकडून उजवीकडे एकच लांब फुंकर. थुंकी उडता कामा नये, असा त्याचा नियम. मग कॅसेट घालताना ती किंचित डावीकडे दाबून ठेवायची, ते काम माझं, कारण दुसरा रिमोट माझ्याकडे असायचा आणि दुसऱ्या रिमोटवाल्याला तसंही वाट बघण्यापलीकडे उद्योग नसायचा. पहिला खेळाडू मरेल तेव्हा आपण खेळायचं. दादा मरायचा नाही. गेम चालू झाली की सगळे त्याच्याकडे आदराने बघायचे. माझ्या अंगठ्याला पडलेला वळ कुणी बघत नसे.

पुढे कळलं की फुंकरीचा त्यात काही हात नव्हता. कॅसेट काढून पुन्हा घातली की तांब्याच्या पट्ट्या आणि आतल्या पिना एकमेकींना नव्याने घासतात, एवढंच. श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या उलट लवकर गंजतात. निन्टेंडोने स्वतःच फुंकू नका म्हणून बजावलं होतं, ते कोण वाचतो! फॅमिकॉमचा अमेरिकी अवतार म्हणजे 1985 मध्ये निघालेला एनईएस, त्याची तर तऱ्हाच निराळी. खेळणं वाटू नये म्हणून त्याला व्हीसीआरसारखं तोंड दिलं, कॅसेट आत सरकवून खाली दाबायची. 72 पिनांचा तो कनेक्टर वापरून वापरून सैल होतो, मग आतल्या पहारेकरी चिपला कॅसेटमधली चिप ओळखू येत नाही, आणि ती सेकंदाला एकदा या हिशेबाने यंत्र रिसेट करत राहते. लाल दिवा लुकलुकतो तो त्यामुळे. कनेक्टर काढून पाण्यात उकळणारेही लोक आहेत, आणि त्याने काम होतं असंही ते सांगतात. मी पिना साफ करते. उकळणं मला पटत नाही. का, ते सांगता येणार नाही.

तर आमची ती नक्कल. ती अजून आहे. पहिलं यंत्र दुरुस्त करायचं मनात आलं तेव्हा मी साहजिकच तीच काढली. मागचे स्क्रू सोडवले, झाकण उचललं आणि हसूच आलं. एवढ्या ऐसपैस डब्यात तळहाताएवढा बोर्ड, बाकी सगळी हवा. बोर्डाच्या मध्यभागी एक काळा, फुगीर, चकचकीत थेंब. उघडी सिलिकॉनची चकती बोर्डावर चिकटवायची, केसाहून बारीक तारांनी जोडायची आणि वरून इपॉक्सी ओतायचं. चिपला आवरण नाही, पाय नाहीत, वर नंबर नाही. अख्खा संगणक त्या थेंबाखाली. खर्च वाचवायची ही नामी पद्धत, आणि ती चालते तोवर उत्तमच चालते. मी व्होल्टेज तपासलं, ठीक. रेग्युलेटर बदलला, तरी पडदा काळाच. रिमोटचे जोड, स्विच, टीव्हीकडे जाणारी तार, मल्टिमीटर सगळीकडे बीप देत होता. म्हणजे बिघाड होता तो थेंबाखाली. आणि थेंब फोडला की आतलं तुटतं. तिथे कुणाचंच काही चालत नाही.

झाकण लावून टाकलं. तेव्हापासून मी दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करते.

दुसऱ्यांची म्हणजे अनोळखी लोकांची, बंद पडलेली, 'फक्त सुट्या भागांसाठी' म्हणून विकलेली. उघडल्यावर आत काय काय सापडतं! एका कंट्रोलरच्या बटणाखाली चमकीचे कण. एका कन्सोलच्या पंख्यात मांजराचे केस, पिंगट. कॅसेटच्या मागे कोणीतरी बॉलपेनने स्वतःचं नाव लिहिलेलं आणि त्यावर दुसऱ्या कोणीतरी काट मारलेली. मी हे पुसत नाही. पिवळेपणही घालवत नाही, आणि त्यावरून माझे समव्यसनी लोकांशी वाद होतात. जुनं एबीएस प्लास्टिक ऊन आणि हवा खाऊन पिवळं पडतं. सुपर निन्टेंडोचं तर वरचं झाकण हळदी आणि खालचं राखाडी, असं अर्धं-अर्धंही बघायला मिळतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम फासून, प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून उन्हात ठेवलं की ते पुन्हा पांढरं होतं. बऱ्याचदा काही वर्षांनी परत पिवळं पडतं, ते सोडा. माझं म्हणणं एवढंच की गळणारा कॅपॅसिटर हा आजार आहे आणि पिवळेपण हे वय आहे. वयावर औषध कशाला? (हे मी सांगते, आणि दर महिन्याला केस रंगवते.)

गेम बॉयच्या पडद्यावरच्या हरवलेल्या उभ्या रेघा परत आणायची युक्ती मला फार आवडते. पडद्याखालच्या पट्टीवरून कोमट आयर्न अलगद फिरवायचं, आणि सुटलेले जोड चिकटून एकेक रेघ डोळ्यांदेखत उजळते. ड्रीमकास्टचं दुखणं मजेशीर. त्यातला घड्याळाचा चार्ज होणारा सेल बोर्डाला जोडलेला असतो. तो मेला की यंत्र दर वेळी 27 नोव्हेंबर 1998 या तारखेवर जागं होतं. त्याच दिवशी ते जपानमध्ये विकायला आलं होतं. सेल बदलायला पंधरा मिनिटं पुरतात. माझ्या एका ड्रीमकास्टचा मी अजून बदललेला नाही. रोज जन्मदिवस असणारं एखादं यंत्र घरात असावं.

पण खरी अडचण आहे ती एका छोट्या लाल कॅसेटची.

पोकेमॉन रेड, 1998 ची इंग्रजी आवृत्ती. एका गेम बॉयबरोबर फुकट आली. लावली तर 'कंटिन्यू'! म्हणजे आतला सेल जिवंत. या कॅसेटमध्ये खेळलेलं सगळं एका छोट्याशा मेमरीत राहतं आणि ती मेमरी एका नाण्याएवढ्या बॅटरीवर जगते. तिचा घास इतका लहान की बॅटऱ्या पंचवीस वर्षंसुद्धा टिकल्यात. पुढच्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये त्याच सेलवर घड्याळही चालवलं, म्हणून त्या धाकट्या असून आधी गेल्या. इथे पडद्यावर खेळाडूचं नाव होतं: चार वेळा 'ए'. नाव ठेवायचा धीर नव्हता, गेम लवकर सुरू करायची होती. खेळलेला वेळ 61 तास. बिल्ले, म्हणजे गावोगावच्या उस्तादांना हरवल्याच्या खुणा, सात.

आठपैकी सात. ज्यांनी खेळलंय त्यांना आठवेल, आठवा बिल्ला अगदी सुरुवातीला लागणाऱ्या गावात असतो. तेव्हा तिथलं दार बंद असतं, बाकीचे सात मिळाल्यावर उघडतं. म्हणजे या मुलाला, किंवा मुलीला, फक्त मागे फिरून पहिल्या वाटेला लागायचं होतं. मी सेव्ह न करता थोडी फिरून आले. त्याच्या गावी प्रतिस्पर्ध्याच्या घरावर पाटी आहे. त्या प्रतिस्पर्ध्याचं नाव मात्र विचारपूर्वक ठेवलेलं. एक शिवी, सातच अक्षरं मावतात म्हणून शेवटचं अक्षर गाळलेली. हा नक्की कोणाचा तरी भाऊ असणार.

3.8 मिलिमीटरच्या त्या खास बिटने कॅसेट उघडून मी सेल मोजला. 2.7 व्होल्ट, नव्याचे 3 असतात. आता बदलायला हवा. पण सेल काढला की ते 61 तास गेले, सातही बिल्ले गेले, शिवीही गेली. उपाय आहेत, मला माहीत आहेत. दुसरा सेल समांतर जोडून ठेवायचा आणि मगच पहिला काढायचा. किंवा कॅसेट वाचणारं यंत्र आणून आतलं सगळं संगणकात उतरवायचं, नवा सेल बसवायचा, परत भरायचं. एक हात हलला तर संपलं, ही भीती पहिल्यात. दुसऱ्यात भीती काहीच नाही, आणि मला तोच का नको वाटतो ते कळत नाही. उतरवून परत भरलेलंही अक्षर न् अक्षर तेच असणार.

काल भाची आली होती. ती लाल कॅसेट लावून इकडची तिकडची बटणं दाबत बसली आणि मी पलीकडे गेम गिअरच्या नव्या कॅपॅसिटरना सोल्डर लावत होते. "मावशी, यात कोणाची तरी आधीचीच गेम आहे. मी 'न्यू गेम' करू?"

"नाही!" हे मी जरा जास्तच जोरात म्हणाले असावे. ती दचकली.

"कोणाची आहे?"

"माहीत नाही."

"मग ते येणारेत का खेळायला?"

"नाही."

"तू खेळतेयस?"

"नाही गं."

"मग?"

तिला दुसरी कॅसेट दिली. गाड्यांच्या शर्यतीची आहे, सेव्ह करायची भानगडच नाही.