सर्दीसुद्धा व्हायची नाही, मग कॅन्सर कसा?

इम्युनिटी चांगली असूनही कॅन्सर कसा होतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे गाठीचा तुकडा तपासून निदान करणारी डॉक्टर. स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट न्यायला आलेलं कोणी ना कोणी हे बोलतंच: "हिला साधी सर्दीसुद्धा व्हायची नाही हो. इम्युनिटी एवढी चांगली, मग हे झालंच कसं?" आणि लगेच पुढे, "इम्युनिटी वाढवायला काय देऊ?"

अहो, इम्युनिटी बऱ्याचदा तिथे हजर असते. स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की कॅन्सरच्या ओबडधोबड पेशींच्या घोळक्यांभोवती बारीक, गर्द निळे ठिपके दिसतात. त्या लिम्फोसाइट्स, म्हणजे लढणाऱ्या पेशी. कधी त्या गाठीच्या कडेलाच दाटीवाटीने अडकलेल्या असतात. कधी आत शिरलेल्या असतात, पण त्यांच्या शेजारीच कॅन्सरच्या पेशी खुशाल दुप्पट होत असतात.

या लिम्फोसाइट्सपैकी टी-पेशींवर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. तो ब्रेक, आणि हवाच. नाहीतर जंतू संपल्यावर या पेशी आपल्याच अवयवांवर उठतील. कॅन्सरच्या काही पेशी पीडी-एल१ हे प्रथिन अंगावर घेतात आणि नेमका तोच ब्रेक दाबतात. शिवाय ज्या रेणूंवरून टी-पेशींना त्या ओळखू येतात, ते कमी करतात. टीजीएफ-बीटासारखी द्रव्यं सोडून लढाई थंड पाडतात. मला सगळ्यात जास्त चीड येते ती मॅक्रोफेजची. गिळायचं काम ज्यांचं, त्याच पेशी फितूर होऊन गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात.

असे ब्रेक सोडवता येतात. त्या शोधांसाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात, म्हणजे ज्या गाठीत हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर-२ हे प्रथिन तपासणीत निगेटिव्ह येतात तिथे, काही रुग्णांना केमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१चा ब्रेक सोडवणारं औषध देतात, ते याच तत्त्वावर. हार्मोन-पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनचे रिसेप्टर असलेल्या गाठींमध्ये लिम्फोसाइट्स बहुधा कमीच असतात, त्यामुळे तिथे या औषधाचा प्रभाव तितका पडत नाही. आणि ब्रेक सुटला की थायरॉइड, फुप्फुसं, आतडी यांनाही सूज येऊ शकते. फुकट काहीच मिळत नाही.

मग इम्युनिटीसाठी काढा दिला तर? दाबलेला ब्रेक काढ्याने सुटत नाही. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवले आहेत, आणि केमो चालू असताना यकृत आधीच राबत असतं. तेव्हा घरी जे काही देताय, अगदी शेजारच्या काकूंनी आणून दिलेलं चूर्णसुद्धा, ते ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. जेवणात डाळ, अंडी, दही भरपूर द्या. त्याला कोणी नाही म्हणणार नाही.