तुम्ही विचारलंत म्हणून : शॅम्पूच्या बाटलीवरचा ससा

आमच्या इथल्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, दर वर्षी कुणीतरी विचारतंच : "ताई, दुकानात लोकांकडे कॅन्सरसाठी पैसे मागता आणि स्वतः दहा पेन्स देताना तुमचा हात का आखडतो?"

विचारलंत म्हणून सांगते. मी लंडनच्या कडेला एका दुकानात टिलवर, म्हणजे बिलाच्या गल्ल्यावर, असते. शॅम्पू, साबण, डोकेदुखीच्या गोळ्या, असला माल. कार्ड लावलं की मशीन विचारतं, बिल पुढच्या पौंडापर्यंत वाढवायचं का? वरचे पैसे एका वैद्यकीय संस्थेला जातात. माझी स्वतःची खरेदी असली की मी 'नाही' दाबते.

दोन वर्षांपूर्वी एक कॉलेजातली मुलगी आली होती. तिने शॅम्पूची बाटली उलटी करून मागे उडी मारणारा ससा शोधला, म्हणजे प्राण्यांवर चाचणी केलेली नाही याची खूण. नव्हता. रांग सोडून गेली आणि ससावाली बाटली घेऊन आली. मागचे लोक वैतागले. मग मशीनने विचारलं, तिने खुशीत 'हो' दाबलं. ते पैसे ज्या संस्थेला गेले, ती उंदरांवरच्या प्रयोगांना अनुदान देते.

यात संस्थांची लबाडी मला दिसत नाही. कॅन्सर रिसर्च यूके काय, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन काय, प्राण्यांवरच्या संशोधनाला आपण पैसे देतो हे त्या स्वतःच सांगतात. या प्रयोगांविषयी मोकळेपणाने बोलायचं, असा करारच इथल्या संस्थांनी आणि विद्यापीठांनी 2014 मध्ये केला; त्यावर या दोघींच्याही सह्या आहेत. अ‍ॅनिमल एड या प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने 2011 मध्ये या दोघींसकट चार संस्थांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हाही बोट संस्थांकडेच होतं. पण लोकांना पैशांसाठी हटकतं कोण? दुकान. टीके मॅक्स हे कपड्यांचं दुकान 2004 पासून कॅन्सर रिसर्चसाठी जुने कपडे गोळा करतं, टेस्को या सुपरमार्केटने कित्येक वर्षं कॅन्सर रिसर्चच्याच 'रेस फॉर लाइफ' या निधी जमवायच्या धावण्याच्या कार्यक्रमाला पैसा पुरवला. चांगलं काम आहेच, पण त्यातून दुकानाचंही नाव होतं, ते काही फुकट नाही.

आणि मी काही सोवळी नाही. रोज रात्री कोलेस्टेरॉलची गोळी घेते. त्या कुळातलं पहिलं औषध जपानच्या एंडो अकिरांनी 1970 च्या दशकात बुरशीतून काढलं. उंदरांवर काही फरकच दिसेना, बारगळायच्याच बेतात होतं. मग अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना दिलं आणि त्यांचं कोलेस्टेरॉल खाली आलं. यातून 'प्राण्यांवरचे प्रयोग फसवतात' असं काढा, नाहीतर 'उपयोगी पडतात' असं काढा. मला दोन्ही पटतं, म्हणून तर मी कुणाला 'देऊ नका' म्हणत नाही.

माझं भांडण एवढंच, की शेल्फवर ससा दाखवून माल विकायचा आणि टिलवर आल्यावर गप्प बसायचं. मॅनेजरला म्हटलं, मशीनशेजारी एक ओळ लावू या. नाहीतर कंपनीने पैसे देतानाच अट घालावी, हे फक्त नर्सिंगला किंवा हेल्पलाइनला. आपण देवस्थानच्या पावतीवर 'अन्नदानासाठी' असं लिहून घेतोच की. तो हसला. म्हणाला, लोक इथे साबण घ्यायला येतात, नीतिशास्त्र शिकायला नाही. मग ससा कशाला लावलाय, हे मला सुचलं बसस्टॉपवर. नेहमीचंच.

गेल्या आठवड्यात ती मुलगी परत आली. तोच शॅम्पू. मशीनने विचारलं. तिने माझ्याकडे बघून छान हसून 'हो' दाबलं. मागे चारजण उभे होते. मी पावती दिली.