घोडेवाला किती रुपयांचा?

वाटणीला पंच म्हणून बसायचं माझं वय अजून झालेलं नाही, असा माझा समज होता. पण अमळनेरच्या दोन भावांनी गेम पार्लर मोडायला काढलं, आणि शेता-घराच्या वाटणीला बसणारे मामा-काका या वेळी हात वर करून मोकळे झाले. म्हणाले, आम्हाला यातलं काही समजत नाही, जळगावच्या त्या पोराला बोलवा. तो पोरगा म्हणजे मी.

गोलाणी मार्केटमध्ये माझं कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनच्या, दुरुस्तीचं दुकान आहे, जुन्या गेमच्या डिस्कांची खरेदी-विक्रीही चालते. लोकांना वाटतं हा दिवसभर गेम खेळतो. मी दिवसभर धूळ काढतो. खानदेशचा उन्हाळा आणि इथली माती मिळून प्लेस्टेशन ४च्या पंख्याची अशी दशा करतात की एप्रिल-मेमध्ये येणारं प्रत्येक मशीन पिठाच्या गिरणीसारखं घरघरत येतं. उघडायचं, हीटसिंकच्या पात्यांत अडकलेला मळ काढायचा, प्रोसेसरवर वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावायची. काही कारागीर वरून ब्लोअर मारतात आणि पेस्ट बदलल्याचे पैसे घेतात. तेच मशीन पुढच्या पंधरवड्यात माझ्या टेबलावर असतं, आणि शिव्या मात्र मशीनला बसतात.

माझा खरा जीव कंट्रोलरमध्ये आहे. कंट्रोलर हातात घेतला की त्यावर काय खेळलं गेलंय ते मी सांगतो. एक्सचं बटण बसलेलं असेल तर तो जीटीए ५. त्यात पळायचं म्हणजे एक्स बडवत राहायचं. आर २ या बटणाची स्प्रिंग ढिली झाली असेल तर फुटबॉल किंवा गाड्या. मग डावी काडी, म्हणजे अंगठ्याने फिरवायची स्टिक, बघायची. रबर चहूबाजूंनी सारखं झिजलं असेल तर फुटबॉल, फक्त डाव्या-उजव्या कडेला झिजलं असेल तर गाड्या. डावी काडी दाबल्यावर टकटक होत नसेल तर बंदुकीचा गेम, कारण तिथे पळायला तीच दाबतात. चारही बटणं सारखी मऊ आणि बाणांच्या बटणाखालचं रबर गेलेलं असेल तर मारामारीचा टेकन, डोळे मिटून. आणि मुठीच्या कोपऱ्याला जोडाजवळ तडा असेल तर एल्डन रिंग, जो खेळणाऱ्याला पुन्हा पुन्हा मारतो. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, ‘दादा, आपोआप झालं.’ आपोआप फरशीवर आपटला.

तर मंगळवारी सुरत लाइनीच्या गाडीने गेलो. मंगळग्रह मंदिराच्या भाविकांमुळे डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पार्लर कॉलेजपासून जवळच, एकच लांबोळी खोली. तीन मशीन, तीन टीव्ही, सोफे आणि कोपऱ्यात गल्ल्यावर त्यांचे वडील. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. टीव्ही, सोफे, मशीन यांचं आधीच ठरलं होतं. एक मशीन विकून पैसे अर्धे-अर्धे, बाकी एकेक. अडलं होतं ते डिस्कांवर.

थोरल्याने यादी छापून आणली होती. प्रत्येक गेमसमोर मेटाक्रिटिकचे गुण, म्हणजे परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावरचे, शंभरपैकी. रेड डेड रिडेम्प्शन २ – ९७. जीटीए ५ – ९७. एल्डन रिंग – ९६. गॉड ऑफ वॉर – ९४. द लास्ट ऑफ अस पार्ट २ – ९३. खाली टेकन ७, ८२. आणि तळाला डब्ल्यूडब्ल्यूई २के२०, चाळिशीत. त्याने या गुणांची बेरीज करून यादीचे असे दोन भाग पाडले होते की दोन्हीकडची बेरीज जवळजवळ सारखी यावी. मला हसू आवरेना, पण तो पूर्ण गंभीर होता. ‘जगातल्या परीक्षकांनी दिलेले गुण आहेत. यापेक्षा निष्पक्ष काय असणार?’

धाकटा एवढंच म्हणाला, ‘माले टेकन अनि फुटबॉल द्या, बाकी सम्दं त्याले.’

थोरल्याला वाटलं धाकटा उदार झाला. मला लगेच कळलं की तो अजिबात उदार झालेला नाही. मी वडिलांना विचारलं, ‘काका, हिशेबाची वही आहे का?’

वही म्हणजे वही होती. कंडक्टर माणूस, वेबिल भरायची सवय हाताला. वेळ, मशीन नंबर, किती जण, कोणता गेम, किती पैसे, सगळं एका ओळीत. फक्त गेमची नावं त्यांची स्वतःची. रेड डेड म्हणजे ‘घोडेवाला’. जीटीए म्हणजे ‘चोरगाडी’. गॉड ऑफ वॉर ‘बापलेक’. कुस्तीला ‘कुस्ती’ आणि एल्डन रिंगला ‘मरतो तो’. थोरल्याच्या छापील यादीपेक्षा ही वही मला जास्त कामाची वाटली. ती घेऊन मी दुपारभर बसलो. मधे शेवभाजी झाली.

वहीत पान उलटावं तिथे टेकन. ज्या गेमची कथा परीक्षकांनी पातळ म्हटली (आणि बरोबर म्हटली, त्या वडील-मुलाच्या भांडणात काही राम नाही) तो गेम एका सोफ्यावर दोन पोरांना बसवून हरेल त्याने पैसे द्यायचे या एका नियमावर हे पार्लर चालवत होता. ९०च्या दशकातल्या टेकन ३पासून आलेला आणखी एक नियमही भिंतीवर लिहिलेला होता: एडी नावाचा लढवय्या घ्यायचा नाही. नुसती बटणं बडवून जिंकता येतं म्हणून. लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशने २०१९मध्ये एव्हो ही मारामारीच्या गेमांची मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा म्हणे इथल्या पोरांनी त्याचे सामने मोबाइलवर बघून त्याच्या युक्त्या घोटल्या. अशी पकड कथेने येत नाही. एक पोरगं दुसऱ्या पोराला सगळ्यांसमोर हरवतं, त्याने येते.

कुस्तीबाबत मात्र मी परीक्षकांच्या बाजूने आहे. २के२० हा गेम इतका कच्चा निघाला की १ जानेवारी २०२० उजाडताच तो जगभर चालू होईना. लोकांनी मशीनची तारीख मागे सारून खेळला, मग दुरुस्ती आली. त्यानंतर मुख्य मालिकेचा पुढचा भाग थेट २०२२ साली आला. पार्लरवाले हुशार, त्यांनी आदल्या वर्षीचा २के१९ही ठेवला होता आणि तोच चालवत. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत वहीची पानंच्या पानं कुस्तीने भरलेली. खेड्यावरून आलेल्या पोरांना कुस्ती समजावून सांगावी लागत नाही.

चोरगाडीचंही तेच. २०१३चा गेम, तीन नायक, दरोड्यांची रचलेली कथा, आणि या पार्लरमध्ये ती कथा कोणीही खेळलेली नाही असं मी लिहून देतो. गाडी पळवायची, पोलीस मागे लावायचे, मरायचं, तास संपला. तासभरात सगळं मिळतं.

‘मरतो तो’ तासभरात काहीच देत नाही. सुरुवातीचा राक्षस तुम्हाला मारण्यासाठीच ठेवलेला, बाहेर पडलं की सोनेरी चिलखतातला घोडेस्वार पुन्हा मारतो. घरी बसून पन्नास तास देणाऱ्याला तो गेम केवढा देतो हे मला माहीत आहे. चाळीस रुपये तास मोजणाऱ्या बी.एस्सी.च्या पोराला तो चाळीस रुपयांत तीनदा मारतो. वहीत त्याच्या नोंदी बोटावर मोजण्याएवढ्या आणि त्याच आठवड्यांत कंट्रोलर दुरुस्तीला आल्याच्या माझ्याकडच्या नोंदी.

लास्ट ऑफ असचं तर बोलूच नये. १९ जून २०२०ला तो आला तेव्हा टाळेबंदीने पार्लर बंद, वहीची पानं कोरी. तिकडे वीस-पंचवीस तासांच्या त्या गेमला लोकांनी पहिल्याच दिवशी हजारोंनी शून्य गुण दिले, संपवणार कधी? त्यानंतर मेटाक्रिटिकने नियम केला की नवा गेम आल्यावर पहिले काही तास वाचकांनी गुण द्यायचे नाहीत.

आणि घोडेवाला. इथे मला निष्पक्ष राहता येत नाही, आधीच सांगतो. माझ्या मते एवढ्या जिवाने केलेला गेम गेल्या दहा वर्षांत झाला नाही. घोड्याला खरारा करावा लागतो, बंदूक पुसावी लागते, दाढी वाढते, शिकार केलेलं जनावर प्रत्येक वेळी सोलत बसावं लागतं. यूट्यूबवरच्या पोरांना तेच कंटाळवाणं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच पोरगं भलत्याच गेमला ‘मास्टरपीस’ म्हणतं. पण त्याची सुरुवात म्हणजे बर्फातून रेटत चाललेल्या गाड्या. तास-दोन तास त्यातून बाहेरच पडता येत नाही. पार्लरमध्ये आलेलं गिऱ्हाईक दहाव्या मिनिटाला म्हणतं, दादा, बदला.

वहीत घोडेवाल्याच्या नोंदी अगदी तुरळक होत्या, आणि मग एका पावसाळ्यात सलग, रोज दुपारी, एकच माणूस. पैशांच्या रकान्यात ‘अर्धे’. थोरला चिडला, अर्धे का? वडील म्हणाले, ‘एकलाच बठे, बोंब नही मारे. दुपारले गिऱ्हाईक नही व्हतं.’ कोण होता तो पोरगा, विचारलं. कॉलेजचा होता, आता नाही येत. मी वहीत त्या नोंदींचा शेवट शोधला. गेम पुरता संपवण्याएवढे तास भरत होते.

मी कागद केला. प्रत्येक डिस्कसमोर दोन आकडे: गेल्या वर्षात वहीप्रमाणे तिने आणलेले पैसे, आणि माझ्या दुकानात आज मी ती किती रुपयांना घेईन. टेकन सगळ्यात वर. फुटबॉल दुसरा, पण त्याला मी कात्री लावली. दर वर्षी सप्टेंबरच्या आसपास नवा फुटबॉल येतो आणि जुना रद्दीत जातो, हे धाकट्यालाही ठाऊक होतं. घोडेवाला तळाच्या जवळ.

थोरला कागदाकडे बघत राहिला. ‘म्हणजे जगातले सगळे परीक्षक येडे?’

नाहीत. परीक्षकाला गेम आधी मिळतो, तो एकटा बसून संपवतो आणि घरी एकट्या बसणाऱ्यासाठी गुण देतो. त्याच्या हिशेबात सोफ्यावर शेजारी कोणी नसतं आणि घड्याळाचे पैसे पडत नसतात. हे मी त्याला सांगितलं, पटलं नाही. गुणांचे पैसे करणारा तो एकटाच नाही, हे मात्र मी कबूल केलं. फॉलआउट न्यू व्हेगस नावाचा गेम बनवणाऱ्यांचा बोनस मेटाक्रिटिकच्या ८५ गुणांवर ठरला होता, पडले ८४, गेला बोनस. तिथे मोठमोठ्या कंपन्या जे करतात तेच थोरल्याने अमळनेरात केलं.

मला टोचतंय ते वेगळंच. कागदावर मी स्वतःच्या हाताने घोडेवाल्यासमोर सातशे रुपये लिहिले आणि २के१९समोर त्यापेक्षा जास्त. हिशेब बरोबर होता, आजही तोच लिहीन. पण त्या अर्ध्या पैशांतल्या दुपारी कोणत्या रकान्यात धरायच्या, याला माझ्याकडे जागा नव्हती, आणि पंच म्हणून बसलेला माणूस ‘हे भारी आहे’ एवढ्यावर रुपये वाढवू लागला तर वाटणी रात्रीपर्यंत चालली असती.

एक गोष्ट थोरल्याच्या यादीत नव्हतीच. क्रिकेट. आयपीएलच्या महिन्यांत वहीत क्रिकेट टेकनला गाठतं, पण त्याची डिस्क नाही. ऑनलाइन स्टोअरमधून घेतलेलं, आणि तिथला आयडी धाकट्याच्या नावावर. डबीच नाही म्हणून थोरल्याला दिसलं नाही. धाकटा त्यावर एक शब्द बोलला नव्हता. मी बोललो. आयडी दोघांत फाडता येत नाही, म्हणून तो धाकट्याकडे ठेवून बदल्यात दोन चांगले कंट्रोलर थोरल्याला दिले. सह्या झाल्या. थोरल्याच्या सांगण्यावरून त्याच्या वाट्याच्या मशीनमधलं सगळं साठवलेलं पुसून मी ते तिथेच कोरं केलं. घोडेवाला त्याने हट्टाने स्वतःकडे घेतला, ९७ गुण आहेत म्हणून. धाकटा तेव्हापासून दुरुस्तीचं काम धुळ्याला पाठवतो.

गेल्या आठवड्यात थोरल्याचा फोन आला. घोडेवाल्याच्या डबीत दोन डिस्क असतात, एक डेटाची, जी पहिल्यांदा मशीनमध्ये भरायला लागते, आणि एक खेळायची. त्याच्याकडे खेळायचीच आहे. डेटाची नाही. कोऱ्या मशीनवर ती एकटी काही कामाची नाही. धाकटा म्हणतो माझ्याकडे नाही. वडील म्हणतात वहीत बघा.

मी म्हटलं, माझ्याकडे एका गिऱ्हाइकाची डेटाची डिस्क पडून आहे, त्याची खेळायची तडकली, ही घेऊन जा, लागली तर फुकट. तर म्हणे नको, ती धाकट्याकडूनच निघाली पाहिजे, तुम्ही पुन्हा येऊन बसा. मी सांगितलं, मे संपेपर्यंत मला दुकान सोडता येणार नाही, धुळीची मशीन रांगेत आहेत.

तो म्हणाला, चालेल, जूनमधला मंगळवार सोडून सांगा.